वस्तादांची आंघोळ

"रडलं का?" भोरे मॅडम दारातूनच ओरडल्या.

रडलं नव्हतं. बाळ बाहेर येऊन अर्धं मिनिट होऊन गेलेलं, अंगानं निळसर, हातपाय सोडून पडलेलं. डॉक्टर अजून जिन्यात होते. मी तोंडातला चिकटा काढायला शोषयंत्राची नळी हातात घेतली आणि ते मेलं यंत्र नेमकं तेव्हाच घरघर करून गप्प बसलं. तेवढ्यात माझ्या कोपराखालून दोन हात आले. बाळ उचललं, कोरड्या फडक्यात पालथं घेतलं आणि त्याची पाठ खसाखसा चोळायला सुरुवात केली. वर तोंडानं आपलं, "ऊठ गं बाय, ऊठ, ऊठ." चौथ्या-पाचव्यांदा चोळल्यावर बाळानं असा टाहो फोडला, की बाहेर व्हरांड्यात त्याच्या आजीनं मोठ्यानं बिरोबाचं नाव घेतलं.

ते हात मायाक्का कोळेकरचे. ए.एन.एम.च्या शेवटच्या सहामाहीतली विद्यार्थिनी, वय वीस, जत तालुक्यातल्या धनगराची पोर.

"कुठं शिकलीस गं हे?" भोरे मॅडमनी विचारलं.

"कोकरू गार पडलं की आमची आई असंच चोळती, मॅडम."

मॅडम हसल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चौगुले, हात बघ हिचे. हात घेऊन जन्माला आलीय पोरगी."

मी मान डोलावली आणि बेसिनपाशी जाऊन उगाचच हात धूत बसले. कारण ते वाक्य माझं होतं. सतरा वर्षांपूर्वी, मी स्वतः विद्यार्थिनी असताना, ह्याच बाईंनी ह्याच खोलीत ते मला म्हटलं होतं. आजवर दुसऱ्या कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं हॉस्पिटल होतं आणि त्याला जोडून मुलींची नर्सिंगची शाळा. दीड वर्षाचा कोर्स. बाळंतपणाच्या खोलीपासून ते नव्वदीच्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डापर्यंत सगळीकडं मुलींना फिरवायचं आणि शेवटी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत धाडायचं, हे आमचं काम. सालोमी भोरे मॅडम शाळेच्या प्रमुख. मी, शकुंतला चौगुले, ट्यूटर. वय सदतीस, लग्न केलं नाही, क्वार्टरमध्ये मी आणि माझी म्हातारी आई. मुली समोर मला 'बाई' म्हणायच्या आणि पाठीमागं 'फूटपट्टी'. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडला नाही तर मी अख्खी खाट मोडून पुन्हा घालायला लावायचे, म्हणून. मला हे नाव माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

त्या बाळाच्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. मुलांच्या वॉर्डात गेलं की इंजेक्शनाला घाबरलेली पोरं म्हणायची, "ती मायाक्का ताई कुठाय? तीच देऊ दे." बायकांच्या वॉर्डात गेलं की एखादी आजी मला विचारायची, "ती जतची पोर नाही आली व्हय आज?" मी म्हणायचे, "मी आलेय ना!" त्यावर आजी नुसती "बरं" म्हणून कूस बदलायची. सतरा वर्षं मी ह्या वॉर्डांमधून फिरत होते. माझी कुणी कधी वाट पाहिलेली मला आठवत नव्हती.

आणि भोरे मॅडम! संध्याकाळी माझ्याबरोबर चहा घ्यायची त्यांची पद्धत होती. आता चहाला तोंडी लावायला मायाक्का. मायाक्कानं असं केलं, मायाक्का तसं म्हणाली. मी कपाकडं बघत बसायचे. मला तिचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही, जेवण गोड लागू न देणारा. ती माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, माझीच विद्यार्थिनी, आणि मी तिच्यावर जळत होते. ह्याची मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की तिचा आणखी राग यायचा.

मग मी काय केलं? शिक्षिकेला जे करता येतं तेच केलं. तिची टोपी वाकडी, तिचं अक्षर कोंबडीचे पाय, तिची नोंदवही मळलेली. ताप नोंदवायला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून मी तिला सगळ्या मुलींदेखत पाऊण तास उभी केली. ती नुसती "व्हय बाई, चुकलं" म्हणायची. ह्या "व्हय बाई"त कुरबुर नाही, टोमणा नाही. असं माणूस भांडायलासुद्धा सापडत नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भोरे मॅडमनी मला बसवून घेतलं.

"मायाक्काचा भाऊ येऊन गेला काल," त्या म्हणाल्या. "बिराप्पा. म्हणतो, एका दमात पास झाली तर करू दे नोकरी. नापास झाली तर पुढचे सहा महिने तो थांबणार नाही. कवठ्याचा कुणी बिजवर बघून ठेवलाय, दोन पोरांचा बाप, चाळिशीचा. सुपारी फोडायचीच बाकी आहे म्हणाला."

"तिची तयारी काय म्हणते?"

"तोंडी परीक्षेची काळजी नाही. प्रात्यक्षिकात बाहेरची परीक्षक कोण येते कोण जाणे. तू बघ जरा."

"बघते," मी म्हटलं.

आणि बघितलं. प्रात्यक्षिकाला कुठल्या मुलीला कोणता पेशंट द्यायचा, हे शाळेच्या ट्यूटरच्या हातात असायचं. आदल्या दिवशी मी वॉर्डात फिरून यादी केली. फरीदा मुल्लाला तान्ह्या बाळाची आंघोळ. आणखी एकीला सात महिन्यांची गरोदर बाई तपासायची. मायाक्काच्या नावापुढं मी लिहिलं: पुरुष वॉर्ड, खाट क्रमांक सात, अंग पुसून देणे.

सात नंबरला आप्पा मगदूम होते. सगळा तालुका त्यांना वस्ताद म्हणायचा. तालमीत चाळीस वर्षं पोरं घडवलेली, उभ्या आयुष्यात पाठ जमिनीला लागू दिली नाही असा माणूस. दीड महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावं अंग गेलं. बोलणं शाबूत, आणि राग तर दुप्पट. बाईमाणसानं अंगाला हात लावायचा म्हटलं की उजव्या हाताला लागेल ते फेकायचे. आमच्या दोन कायम नर्सांनी हात टेकले होते. चार दिवसांतून एकदा पुतण्या यायचा आणि कसंबसं अंग पुसून जायचा.

मॅडमनी यादी पाहिली. त्यांचं बोट सात नंबरवर थांबलं.

"वस्ताद? परीक्षेला?"

"हुशार मुलीला अवघड पेशंट, मॅडम. तुम्हीच म्हणता ना, हात घेऊन जन्माला आलीय."

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आल्या, साताऱ्याच्या कारखानीस बाई. इस्त्रीची पांढरी साडी, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा, हातात छापील तक्ता. अंग पुसून देण्याच्या एकवीस पायऱ्या, प्रत्येकीपुढं मार्कांचा रकाना. मला त्या पाहताक्षणी आवडल्या. माझ्याच जातकुळीची बाई.

साडेदहाला आम्ही सातव्या खाटेपाशी उभ्या राहिलो. कारखानीस बाई, भोरे मॅडम आणि मी. मायाक्कानं पडदा ओढला, गरम पाण्याचं भांडं, दोन टॉवेल, साबण सगळं मांडलं. इथवर चार पायऱ्या बिनचूक.

"कोण हाय?" वस्ताद गुरगुरले. "बाईमाणूस? चल, भाईर हो!"

"वस्ताद, अंग पुसायचंय."

"हात लावशील तर बघ! पाण्याचं भांडं डोक्यात घालीन."

पाचवी पायरी म्हणजे पेशंटला प्रक्रिया समजावून सांगणे. आम्ही मुलींना तीन वाक्यं पाठ करून घेतो. मायाक्कानं एकही म्हटलं नाही. तिनं पाण्याचं भांडं उचललं आणि खाटेच्या उजव्या बाजूला, वस्तादांच्या चांगल्या हाताशी नेऊन ठेवलं. मला वाटलं, आता हे खरंच भिरकावणार. तिनं फडकं पिळलं आणि त्यांच्या उजव्या तळहातात ठेवलं.

"तोंड तुमचं तुम्ही धुवा. पाठ तेवढी माझ्याकडं."

वस्ताद फडक्याकडं बघत राहिले.

"आन् मधलं?" त्यांनी विचारलं.

पलीकडच्या खाटेवरचा कुणीतरी खुदकन हसला.

"मधलं बी तुमचंच. चादर हाय अंगावर. मी पडद्याकडं तोंड करून उभी ऱ्हाते. हात पुरला न्हाई तर हाक मारा."

वस्तादांनी फडकं तोंडाला लावलं. कपाळ पुसलं, मिशा पुसल्या, कानामागं बोट घालून पुसलं, अगदी तालमीतून आल्यासारखं. मायाक्का फडकं घ्यायची, खळबळायची, पिळून परत द्यायची. मान झाली, छाती झाली. मग खरोखरच पडद्याकडं तोंड करून उभी राहिली. आम्ही तिघींनीही नजरा तक्त्यावर वळवल्या. कारखानीस बाईंचं पेन तक्त्यावर अधांतरी थांबलेलं.

"ए पोरी," वस्तादांनी हाक मारली. "ह्यो हात."

डावा हात. गादीवर पडलेला, सुजलेला. मायाक्कानं तो मनगट आणि कोपर धरून अलगद उचलला.

"मी धरते. पुसा तुम्ही."

"न्हाई जमायचं."

"तुमचाच हाय न्हवं? रुसलाय त्यो. कोण इचारतच न्हाई त्याला."

त्यांनी खांद्यापासून पुसायला सुरुवात केली. नियम बोटांकडून खांद्याकडं पुसायचा आहे. त्यांनी उलटं पुसलं. बोटं एकेक करून पुसली, बेचक्यात फडकं घातलं. मध्येच थांबले.

"दीड म्हैना झाला," ते म्हणाले, "म्या ह्याला हात लावला न्हवता. मेलं म्हणून सोडूनच दिलं होतं."

"मग आता रोज लावा," मायाक्का म्हणाली. "सकाळ-सांज. चोळा, हलवा. चला, वळा बघू, पाठ माझी हाय."

आणि तो बाप्या, ज्यानं नर्सांवर तांब्या फेकला होता, गुमान कुशीवर वळला. मी चोरून भोरे मॅडमकडं पाहिलं. त्या पदरानं डोळे टिपत होत्या. माझ्यासाठी ह्या बाईंनी कधी डोळे पुसले नव्हते.

अर्ध्या तासाच्या कामाला पाऊण तास लागला. पाणी दोनदा बदलायचं ते एकदाच बदललं होतं. पडद्याबाहेर, वॉर्डच्या टेबलापाशी आल्यावर कारखानीस बाईंनी तक्ता पुढं केला.

"एकवीसपैकी आठ पायऱ्या पेशंटनं केल्या," त्या म्हणाल्या. "क्रम चुकला, दिशा चुकली. वेळ जास्त. आजारी माणसाला राबवायचं आणि नर्सनं पाठ फिरवून उभं राहायचं? मी मार्क कशाला देऊ? हे असं कुणी शिकवलं तुला?"

मायाक्काचा चेहरा उजळला. खरंच सांगते, उजळला. जणू इतका वेळ ती ह्याच प्रश्नाची वाट बघत होती.

"चौगुले बाईंनी," ती म्हणाली.

कारखानीस बाई माझ्याकडं वळल्या. भोरे मॅडमही वळल्या.

"तुम्ही शिकवलंत?"

माझ्या मनात त्या क्षणी काय काय येऊन गेलं म्हणून सांगू! वाटलं, ही पोरगी आपलं चुकलेलं माझ्या गळ्यात बांधतेय. वाटलं, हिच्यामुळं साताऱ्यापर्यंत माझी नाचक्की होणार. आणि सगळ्याच्या तळाशी, अगदी तळाशी, एक गार, गोड विचार: आता हिचं संपलं. बिजवर, सुपारी, बिराप्पा, सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. विसरले होते असं मी म्हणणार नाही.

"नाही," मी म्हटलं. "असं मी कधीही शिकवलेलं नाही."

मायाक्कानं माझ्याकडं पाहिलं. चिडून नाही. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं, हाक मारावी आणि ते भलतंच निघावं, तसं बघितलं. मग तिनं मान खाली घातली.

"व्हय," ती परीक्षकांना म्हणाली. "माझंच चुकलं. बाईंनी न्हाई शिकवलं. मी उगंच नाव घेतलं."

तिनं ओला टॉवेल उचलला, नीट घडी घातली आणि ती गेली. कारखानीस बाईंनी तक्त्याखाली लाल रेघ मारली. भोरे मॅडम त्यांच्याबरोबर ऑफिसकडं निघून गेल्या.

मी जिन्याखाली येऊन उभी राहिले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

"बाई, एक बोलू का?"

मागं फरीदा मुल्ला उभी होती, मायाक्काची खोलीतली सोबतीण. मिरजेची, तोंडानं फटकळ. तिची बाळाची आंघोळ मघाशीच चांगली झाली होती, आणि वॉर्डच्या दारातून तिनं सगळं ऐकलं होतं.

"बोल."

"रागावणार असाल तर रागवा. नापास करायचं तर करा. पण ती खोटं नाही बोलली."

"कशाबद्दल म्हणतेस?"

"आमच्या होस्टेलच्या गच्चीवरून तुमच्या क्वार्टरचं परस दिसतं. दर रविवारी सकाळी आम्ही कपडे वाळत घालायला वर जातो. त्या वेळी तुम्ही आजींना उन्हात खुर्चीवर बसवून आंघोळ घालता. मायाक्का हातातली बादली खाली ठेवते आणि कठड्याला टेकून उभी राहते. वर्ष झालं, बाई, एक रविवार चुकवला नाही तिनं. तुम्ही आजींच्या हातात फडकं देता आणि म्हणता, 'तोंड तुझं तू धू, पाठ माझ्याकडं.' आम्हाला पाठ झालंय. ती काय म्हणाली मला, सांगू? म्हणाली, 'बाई वर्गात शिकवत्यात ते परीक्षेपुरतं, आन् हे खरं. मला बाईंसारखी नर्स व्हायचंय.' रात्री आमचे हात धरून सराव करते. कुणी तुम्हाला फूटपट्टी म्हटलं तर अंगावर धावून जाते."

फरीदा ओढणीनं नाक पुसत निघून गेली.

माझी आई पाच वर्षं अर्धांगानं बसून होती. तिला मी आंघोळ घालायचे, त्याला मी कधी काम समजलेच नव्हते. ते घरचं. टोपी उतरवली की मी नर्स नव्हते, लेक होते. आईला दुसऱ्यानं तोंड धुतलेलं खपायचं नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी फडकं तिच्या हातात दिलं होतं. त्यावर दोघींनी मिळून ते वाक्य केलं होतं. पाच वर्षं दर सकाळी माझ्याच तोंडून निघणारं वाक्य मी मघाशी पडद्याआड उभं राहून ऐकलं आणि मला ओळखू आलं नाही! सोमवारी वर्गात जाऊन मी एकवीस पायऱ्या घोकून घ्यायचे, आणि घरची आंघोळ बाविसावीसुद्धा धरत नव्हते.

मला आधी काय वाटलं ते सांगते, लाज सोडून. आधी आनंद झाला. मेला तो आनंद! वर्षभर कुणीतरी कठड्याला टेकून माझी वाट बघत होतं. मग मला तिचा मघाचा चेहरा आठवला, आणि मी धावत सुटले. ज्या व्हरांड्यात धावलं म्हणून मी मुलींना शिक्षा करायचे, त्याच व्हरांड्यातून.

ऑफिसात कारखानीस बाई निकालाचा कागद लिफाफ्यात घालत होत्या. मेणबत्तीवर लाख धरलेली. भोरे मॅडम खिडकीपाशी.

"थांबा," मी म्हटलं. "ते मीच शिकवलंय."

"काय?"

"ती पद्धत. मायाक्काची. माझीच आहे."

"मघाशी तुम्ही नाही म्हणालात."

"मघाशी मला ठाऊक नव्हतं." हे खरं होतं, आणि ह्यावर भागलंही असतं. परसातली आंघोळ सांगितली असती, झालं असतं. पण त्यांनी पुढं विचारलं.

"ठाऊक नव्हतं, तर 'विचार करून सांगते' म्हणायचं. इतक्या तडकाफडकी नाही का म्हणालात? एका मुलीचं वर्ष होतं."

मी भोरे मॅडमच्या पाठीकडं बघितलं.

"तिचा हेवा वाटतो म्हणून," मी म्हटलं. "पाच महिने झाले. मॅडम तिला म्हणाल्या ना, हात घेऊन जन्माला आलीय, तेव्हापासून. वस्तादांना मुद्दाम दिलं मी तिला. ती पडावी म्हणून."

लाखेचा थेंब टेबलावर पडला. कारखानीस बाईंनी मेणबत्ती फुंकली.

"वय काय तुमचं, चौगुले?"

"सदतीस."

"आणि तिचं?"

"वीस."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लिफाफ्यातून कागद पुन्हा काढला. "बसा. आता मला सांगा, ह्या आठ पायऱ्या पेशंटनं का करायच्या? लाडानं नका सांगू, शिक्षिकेसारखं सांगा."

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पद्धत म्हणून सांगितलं. मेलेल्या अंगाकडं माणूस बघायचं सोडतो, त्याला ते पुन्हा बघायला कसं लावायचं. चांगल्या हाताची ताकद कशी टिकते. म्हाताऱ्या माणसाची अब्रू ही त्याच्या पाठीवरच्या जखमेइतकीच जपायची असते, हे सगळं. सांगता सांगता माझ्या लक्षात येत होतं, की ह्यातलं बरंचसं मला मघाशी सात नंबरच्या पडद्यामागं कळलं होतं. कारखानीस बाईंनी काट मारली, बाजूला सही केली आणि नवा आकडा लिहिला.

"काठावर पास. एक मार्क जास्त देणार नाही, पाणी एकदाच बदललंय तिनं. आणि तुमच्याबद्दल मला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं. त्यांनी लिहिलंही. पुढं तीन वर्षं मला परीक्षेच्या कामाला कुणी उभं केलं नाही.

त्या गेल्यावर भोरे मॅडम खिडकीपासून वळल्या. मला वाटलं आता तोंडसुख घेतील. त्या म्हणाल्या, "मी तुला तेव्हा जे म्हटलं होतं ते परत घेतलं नव्हतं गं. एकच वाक्य दोघींना पुरत नाही का?" आणि मग, "जा, आधी त्या पोरीला सांग."

"सांगते," मी म्हटलं.

महिन्यानं निकाल लागला. मायाक्का पास. जतकडच्याच एका उपकेंद्रावर नेमणूक. जायच्या दिवशी ट्रंक घेऊन ती ऑफिसात आली. भोरे मॅडमच्या पाया पडली, त्यांच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्यापुढं येऊन दोन्ही हात जोडले. पाया पडली नाही.

"मायाक्का," मी म्हटलं, "त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ द्या, बाई. तुमची काय चूक? मीच येडी, न इचारता तुमचं नाव घेतलं. सगळ्यांदेखत तुम्हाला खाली बघायला लावलं. कारखानीस बाई देवमाणूस, म्हणून वाचले मी. तुम्ही मनात ठेवू नका."

तिनं माझी माफी मागितली! दारात फरीदा एस.टी.ची वेळ झाली म्हणून हाका मारत होती. माझ्या जिभेवर सगळं होतं. पण मी ते बोलले असते तर मी जळत होते हेही तिला कळलं असतं, आणि तिनं कठड्याला टेकून वर्षभर पाहिलेली ती बाई, निदान तिच्या आठवणीतली, कायमची गेली असती. असं मला वाटलं. ती तर त्या "नाही"बरोबरच गेली होती, हे तेव्हा कळलं नाही.

"जपून जा," मी म्हटलं. "पोचल्यावर पत्र टाक."

तिनं पत्र टाकलं. भोरे मॅडमना. मग दर दोन-तीन महिन्यांनी टाकत राहिली. मॅडम निवृत्त होऊन गावातच राहायला गेल्या, मी संध्याकाळी त्यांच्याकडं चहाला जायचे, आणि पत्र आलं असेल तर त्या माझ्यापुढं ठेवायच्या. कुठल्या वाडीवर अडलेली बाई सोडवली, कुठल्या म्हाताऱ्याला उठून बसवलं. शेवटी नेहमीची ओळ: 'चौगुले बाईंना नमस्कार सांगा.' मी ते कोंबडीचे पाय दोनदोनदा वाचायचे. आता मला मॅडमचा हेवा वाटायचा.

सहा वर्षांनी एक पत्र आलं. मॅडम वाचता वाचता हसायला लागल्या आणि हसता हसता चष्मा काढून बसल्या. मायाक्काला मुलगी झाली होती. भाऊबंद कितीही हसले तरी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मुलीचं नाव सालोमी ठेवलं होतं.

"धनगराच्या घरात सालोमी!" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "शकुंतला ठेवलं असतं गं तिनं. अजून सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

"मी लिहू?"

"नको," मी म्हटलं. "मीच लिहिते."

पुढं पत्रं विरळ होत गेली आणि थांबली. गेल्या वैशाखात त्या सालोमीचं लग्न झालं. भोरे मॅडमना जाऊन नऊ वर्षं झाली, हे मायाक्काला कुणी कळवलेलं दिसत नाही. कळवायचं म्हटलं तर मीच उरले होते. पत्रिका त्यांच्याच नावानं शाळेच्या पत्त्यावर आली, आणि शाळेच्या शिपायानं ती मला आणून दिली. पाठीमागं तेच अक्षर: 'मॅडम, तुम्ही यायलाच पाहिजे. चौगुले बाई असतील तर त्यांना नमस्कार.'

मी अजून लिहिलेलं नाही.